डावा कान उजेडाकडे घ्या, काका

गेल्या शुक्रवारी वसईच्या किल्ल्यात माझी जी शोभा झाली, ती आठवली की आजही आधी मन दुखते आणि मग गुडघे. संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचा. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्याला क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकले. तिथपर्यंत माझी पेन्शन पोहोचत नाही, म्हणून गास गावातल्या त्याच्या नावाच्या चर्चपासून मी चालत निघालो आणि किल्ल्यातल्या त्याच्याच नावाच्या जुन्या चर्चच्या दर्शनी भिंतीसमोर गुडघे टेकून जपमाळ हाती घेतली. वार शुक्रवार, म्हणजे दुःखाची रहस्ये, येशूच्या दुःखांवर जपमाळेसोबत करायची पाच चिंतने.

पोर्तुगीजांचा हा किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकला. अलीकडे तो प्री-वेडिंगवाल्यांनी जिंकला असून त्यांना हुसकावून लावणारा कोणी चिमाजी अप्पा अद्याप दृष्टिपथात नाही.

दुसरे रहस्य चालू असताना मागून आवाज आला, “काका, तुम्ही फ्रेममध्ये येताय.” मी प्रार्थना करत असल्याचे सांगून उठू लागलो, तोच तो छायाचित्रकार ओरडला, “नाही नाही, उठू नका! असेच राहा. मागे म्हातारा, पुढे कपल, मस्त फील येतोय.” भरजरी लेहंग्यातील वधू आणि घामाने निथळणारा वर माझ्यापुढे येऊन एकमेकांच्या डोळ्यांत पाहू लागले. मी उठायला हवे होते. उठलो नाही, याचे कारण भिडस्तपणा होते की कॅमेऱ्याचा मोह, हे मी अजून स्वतःलाही विचारलेले नाही.

कॅमेऱ्याची लेन्स बदलता बदलता त्याने विचारले, “कोणाची प्रार्थना करताय?”

“संत गोन्सालो गार्सियाला विनवतोय.”

“संत म्हणजे आपले ज्ञानोबा-तुकोबा, तसे?”

मला भरून आले. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत; १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्याला संतपद दिले, आणि तरीही आमच्याच धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिला भारतीय संत कोण, असे विचारले की मुले दुसरेच नाव सांगतात. त्याचे वडील पोर्तुगीज आणि आई इथली, म्हणून काही शहाणे त्याला भारतीय मानायलाच तयार नसतात; जणू आईकडचे रक्त हिशेबात धरायचेच नसते. आणि आम्ही वसईकर तरी काय करतो? सणाच्या दिवशी त्याचा फलक लावतो आणि दुसऱ्या दिवशी तोच फलक वाळवणावर झाकायला नेतो. असो. निदान हा तरुण तरी ऐकून घेईल, असे मला वाटले.

“वसईचे? काय सांगता! वारले कुठे?”

“जपानमध्ये.”

“कामाला होते का तिकडे?”

“आधी व्यापार करत होता, मग मनिलात फ्रान्सिस्कन या कॅथलिक व्रतस्थांच्या संघात बंधू झाला. १५९३ मध्ये तो त्या संघाच्या धर्मगुरूंचा दुभाषा म्हणून हिदेयोशीच्या दरबारात गेला.”

“म्हणजे कॉल सेंटरसारखं!” तो वराची कॉलर सरळ करत म्हणाला.

माझ्या संताला जपानच्या सत्ताधीशाशी त्याच्या भाषेत बोलता आले होते. मला वसईत, चक्क मराठीत, एका मराठी माणसाला संत गोन्सालो समजावता येत नव्हता. तरी मी नेट लावला. त्याला आणि त्याच्या साथीदारांना पकडल्यावर क्योटोत त्यांचे डावे कान कापले, आणि मग ऐन हिवाळ्यात जवळपास महिनाभर मिरवत नागासाकीपर्यंत नेले, असे सांगितले. तिथे एकूण सव्वीस जण रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी हुतात्मे झाले, हेही सांगितले. तो एकदम गंभीर झाला. कॅमेरा खाली घेऊन क्षणभर माझ्याकडे टक लावून पाहत राहिला. “बाप रे,” तो म्हणाला. माझा कंठ दाटला.

“बरं काका, आता तुमचा डावा कान जरा उजेडाकडे घ्या. गालावर सावली पडतेय.”

मी घेतला. हे लिहिताना लाज वाटते, पण घेतला. शिवाय “फोटो पाठवतो” म्हणून त्याने मागितलेला नंबरही दिला. तोवर मी तिसऱ्या रहस्यात होतो की चौथ्या, हे विसरलो होतो. जपमाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी, तर जोडप्याने कपडे बदलले होते आणि पायांना आलेल्या मुंग्यांमुळे मला उठून उभे राहणेही जमेना. शेवटी वधूनेच हात दिला. पोरगी बिचारी चांगली होती.

काल फोटो आला. वधू सुरेख, वर सुरेख, लेहंग्यावरचा टाका न् टाका मोजता येतो. मागे चर्चची भिंत आणि तिच्या पायथ्याशी एक करडा, पुसट ठिपका आहे, तो मी. त्याला कान दोन आहेत की एक, हे कितीही मोठे करून पाहिले तरी सांगता येत नाही.