त्या फांदीच्या मागच्या फांदीवर

“दिसला का?”

“कुठे?”

“अहो, तो काय! त्या फांदीवर.”

एका वडाला किती फांद्या असतात याचा खरा अंदाज शेजारी पक्षी दाखवणारा माणूस उभा राहिल्याशिवाय येत नाही. पक्षी शोधणं मला कधी फार अवघड वाटलेलं नाही. कान उघडे ठेवले, पाय सावकाश टाकले, तोंड बंद ठेवलं, की काहीतरी दिसतंच. छळ सुरू होतो तो त्यानंतर. आपल्याला दिसलेला पक्षी शेजारच्याला दाखवायचा, किंवा त्याला दिसलेला आपण बघायचा, आणि हे सगळं तो उडायच्या आत. पक्षी साधारण चार सेकंद देतो. त्यातली तीन “कुठे?”मध्ये जातात.

नोव्हेंबरात तर विचारू नका. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. म्हणून महाराष्ट्रात तो आठवडा पक्षी सप्ताह. त्या आठवड्यात तळ्याकाठी, टेकडीवर कुठेही जा, तीसेक जणांचा घोळका. दुर्बिणी सहा आणि “कुठे?” तीस.

दाखवायचं सगळ्यात निरुपयोगी साधन म्हणजे बोट. दाखवणाऱ्याचं बोट त्याच्या डोळ्याच्या रेषेत असतं आणि आपण उभे असतो हातभर बाजूला. झाडापर्यंत पोचेस्तोवर ती रेषा आपल्या हिशेबाने पलीकडच्या गुलमोहरात शिरलेली असते. शिवाय झटक्याने वर गेलेला हात आपल्या आधी पक्ष्याला दिसतो. बोटाचाच आधार घ्यायचा असेल तर दाखवणाऱ्याच्या मागे जाऊन, त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकल्यासारखं उभं राहून, दंडावरून नजर सोडायची. हे ओळख जुनी असेल तरच.

खरं तर आपण सांगायला सुरुवातच चुकीच्या टोकाने करतो. आपल्याला पक्षी दिसत असतो म्हणून आपण पक्ष्यापासून सुरू करतो. समोरच्याला नेमका तेवढाच सोडून बाकी सगळं दिसत असतं. म्हणून जे चुकूच शकत नाही तिथून निघावं. विजेचा खांब, पाण्याची टाकी, वाळलेलं झाड. मग त्याहून लहान, मग त्याहून. “टाकीच्या डावीकडचं पहिलं झाड.” हां. “खोड दुभंगतं तिथून उजवी फांदी.” हां. “तिच्यावर एक वाळकं पान लोंबतंय.” हां. “त्याच्या वर वीतभर.” प्रत्येक पायरीला समोरच्याकडून ‘हां’ वसूल करायचा, नाही आला तर पुढे सरकायचं नाही. झाडाचं नाव घेण्याआधी त्याला ते झाड येतं का हेही बघावं. “शिरीषावर बसलाय” म्हटलं की निम्मे लोक शिरीष कोण म्हणून आजूबाजूला बघतात. आणि “हिरव्या पानांच्या मागे” व “आत्ता हलला बघा” या दोन वाक्यांवर तर सरकारने बंदीच आणावी.

जरा मुरलेली मंडळी घड्याळ वापरतात. झाडाचा घेर म्हणजे तबकडी, शेंडा बारावर, उजवी कड तीनवर, आणि पक्षी “दहा वाजता, कडेपासून आत”. पद्धत उत्तम. फक्त उजनी धरणाकाठच्या भिगवणला होडीत बसलं की हीच पद्धत आडवी होते: तिथे होडीचं नाक म्हणजे बारा. उजनीच्या पाण्यात होडी मिनिटागणिक वळत असते, त्यामुळे नावाडी “तीन वाजता” म्हणेपर्यंत तिथे चार वाजलेले असतात. होडीत एकजण तरी मनगटावरच्या घड्याळात बघून “अजून साडेसातच झालेत” असं सांगतो. त्याला क्षमा करावी.

अंतर सांगायला मात्र मूठ वापरावी. हात पूर्ण ताणला आणि मूठ डोळ्यांसमोर आडवी धरली की तिची रुंदी साधारण १० अंश, करंगळीची साधारण १. लहान मुलाची मूठ लहान आणि हातही आखूड, त्यामुळे हिशेब तोच राहतो. आठपट दुर्बिणीत एका वेळी दिसतात सात-आठ अंश. तेव्हा “टाकीपासून एक मूठ उजवीकडे” म्हटलं तर टाकी दुर्बिणीच्या डाव्या कडेला धरायची आणि थोडंसंच पुढे सरकायचं. “जरा उजवीकडे” हे माप मात्र माणसागणिक बदलतं. काहींचं जरा शेजारच्या तालुक्यापर्यंत जातं.

एवढं करून समोरचा म्हणतो, “सगळं धुरकट दिसतंय.” मग दुर्बीण त्याच्या हातातून घेऊन बघायची. शंभरातल्या नव्वदांच्या दुर्बिणीत उजव्या डोळ्यापाशी एक कडं असतं आणि ते खोक्यातून आल्यापासून कुणी फिरवलेलं नसतं, किंवा घरातल्या लहानग्याने रोज फिरवलेलं असतं. ते एकदाच नीट लावायचं असतं. पन्नासेक मीटरवरची दुकानाची पाटी घ्या. दुर्बीण मधून दुमडून दोन गोलांचा एक गोल करा. आता उजवीकडची पुढची काच हाताने झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला पाटी स्वच्छ करा. मग डावी काच झाका आणि मधल्या चाकाला अजिबात हात न लावता फक्त ते कडं फिरवून उजव्या डोळ्याला तीच पाटी स्वच्छ करा. कडं कुठल्या खुणेवर थांबलं ते लक्षात ठेवा. पुढे जन्मभर फक्त मधलं चाक. चष्मेवाल्यांनी डोळ्यांपाशी येणाऱ्या रबरी कडा खाली दुमडाव्यात किंवा फिरवून आत घ्याव्यात. त्या उभ्या ठेवून बघणाऱ्याला पक्ष्याऐवजी काळा बोगदा आणि टोकाला दोन रुपयांच्या नाण्याएवढं आकाश दिसतं.

घ्यायची तर ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची. दहापटीत पक्षी मोठा दिसतो हे खरं, पण हाताचा कंपही दहापट होतो आणि दिसणारा तुकडा लहान होतो, म्हणजे पुन्हा “कुठे?”. आणि पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून काढायची नाही; मान न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. सगळे नेमके उलटं करतात: खाली बघून दुर्बीण उचलतात, वर बघतात आणि निळ्या आकाशाचं निरीक्षण करतात.

मग येतो खरा कडेलोट. पक्षी दोघांनाही दिसला, आता तो कोण?

कवडीपाटचा बंधारा घ्या. पुण्याहून सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवर. शहराने सोडून दिलेलं सगळं इथून वाहत जातं, त्यामुळे नाकाला रुमाल अनिवार्य, पण पक्ष्यांना त्याचं काही नाही. हिवाळ्यात चक्रवाकाच्या जोड्या, शेकाटे, धोबी पक्षी आणि दगडादगडावर तुतवार. तुतवार म्हणजे तपकिरी पाठ, पांढरं पोट, बारीक चोच, लांब पाय. असे तीन प्रकार एकाच चिखलात. काही जण त्यांना तुतारी म्हणतात, म्हणजे भांडणाला आणखी एक मुद्दा.

साधा तुतवार सोपा: खांद्यापुढे पोटाचा पांढरा रंग पाचरीसारखा वर घुसलेला, शेपटी सतत वरखाली, आणि उडाला की पंख पाण्यालगत थरथरवत, धनुष्यासारखे वाकवून जातो. उरले दोघे, ठिपकेदार आणि हिरवा. इथे भल्याभल्यांची मैत्री तुटते. ठिपकेदाराची पांढरट भुवई डोळ्याच्या बरीच मागे जाते, पाठीवर ठसठशीत ठिपके, पाय पिवळसर. हिरव्याची भुवई डोळ्यापाशीच संपते, पाठ जास्त गडद, पाय मळकट हिरवे. हे सगळं पुस्तकात. समोरच्या तुतवाराचे पाय काळ्या गाळात बुडालेले असतात आणि भुवई बघायला तो तोंड आपल्याकडे करत नाही. शेवटी तो उडतो आणि उडतानाच पंखांखालचा रंग दाखवतो: जवळजवळ काळा असेल तर हिरवा, फिकट असेल तर ठिपकेदार. कंबर दोघांचीही पांढरीच, त्यामुळे “पांढरी कंबर पाहिली मी!” असं ओरडणाऱ्याकडे लक्ष देऊ नये. पंखांखाली बघायची वेळ साधारण सेकंदभर. त्या सेकंदाला मी बहुधा चष्मा पुसत असतो.

झाडांवर हाच खेळ वटवटे नावाचे इवलेसे पक्षी खेळतात. सप्टेंबरात ते उत्तरेकडून येतात, एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकतात आणि पानांच्या आतून बाहेर येत नाहीत. तिथे डोळे गुंडाळून ठेवावेत आणि कानांवर भिस्त टाकावी. उंच झाडाच्या शेंड्यातून ‘ची-वी, ची-वी’ असा दोन तुकड्यांचा आवाज आला की हिरवट पर्ण वटवट्या. खालच्या झुडपात दोन खडे एकमेकांवर आपटल्यासारखा ‘चक्… चक्’ आला की ब्लिथचा बोरू वटवट्या. एवढ्या दोन आवाजांवर पुण्यातल्या कुठल्याही टेकडीवर निम्मी अब्रू वाचते.

शिक्रा हा शिकारी पक्षी आणि पावशा हा कोकिळेचा भाऊबंद, ही जोडी मात्र माणसाला उघडं पाडते. तपकिरी पट्टे, पिवळे डोळे, तसंच उडणं. पावशाने शिक्र्याचं सोंग इतकं हुबेहूब वठवलंय की लहान पक्षीही त्याला बघून कलकलाट करतात. चोच बघा. शिक्र्याची आकड्यासारखी वळलेली, पावशाची सरळसोट. आणि मे-जूनमध्ये ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ऐकू आलं तर चोच बघायचीही गरज नाही.

आता दूरचं दाखवणं. “भिगवणला रोहित आलेत” असा निरोप येतो आणि शंभर किलोमीटर गाडी मारून माणसं तिथे पोचतात. निरोपात तारीख नसते. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चोच उलटी करून उथळ पाण्यातला गाळ गाळून खातो. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर त्याला उभं राहायला जागाच नसते. पाऊस लांबलेल्या वर्षी तोही उशिरा येतो. म्हणून निघण्याआधी नावाड्याला फोन करून “रोहित आहेत का?” विचारू नका, तो “या ना” म्हणणारच. “पाणी किती उतरलंय?” असं विचारा.

निरोप देताना तारीख, वेळ, किती पक्षी, काय करत होते आणि नक्की कुठे, इतकं लिहावं. “कवडी, भरपूर बदकं” याला निरोप म्हणत नाहीत. मोजणी अगदीच अवघड नसते: थव्यातले दहा पक्षी मोजायचे, ते दुर्बिणीत किती जागा घेतात ते बघायचं आणि तेवढे तुकडे पाडत जायचं. चारशे वारकरी दोन मिनिटांत मोजून होतात. आपण पाण्यातल्या, कपाळावर पांढरा टिळा असलेल्या काळ्या वारकरी पक्ष्यांबद्दल बोलतोय. आषाढातल्यांना हा हिशेब लागू नाही.

घरटं मात्र कुणालाही सांगायचं नाही. एकाला सांगितलं की रविवारी पंधरा कॅमेरे तिथे उभे राहतात, त्यातला एकजण मोबाईलवर नराचा आवाज वाजवतो आणि बिचारा खरा नर पिल्लांना भरवायचं सोडून या अदृश्य प्रतिस्पर्ध्याला हुसकावत फिरतो. घुबडांच्या बाबतीत तर आम्ही फारच काटेकोर. पिंगळ्याची ढोली सापडली की वहीत जागा सांकेतिक शब्दांत लिहितो, एकमेकांना कुजबुजत सांगतो, टेकडी उतरताना विषय बदलतो. पायथ्याच्या टपरीवर चहा सांगितला की मावशी गाळणं झटकत विचारतात, “दिसलं का पिंगळं? त्या ट्रान्सफॉर्मरच्या मागचा आंबा, खालून दुसरी ढोली. पिल्लं तीन आहेत. साखर किती टाकू?”