मोडाफिनिल घेतली की डोकं डबल चालतं म्हणे!

अभ्यासिकेच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड. मोडाफिनिल नावाची गोळी घ्या, झोप गायब, मेंदू दुप्पट चालतो, साइड इफेक्ट नाही, सवय लागत नाही, मेडिकलमध्ये सहज मिळते. आता राहवत नाही म्हणून लिहितोय.

झोप गायब, हे खरंय. पण रात्री 10 ला घेतली तर निम्मं औषध दुसऱ्या दिवशी 10-11 पर्यंत अंगात असतं, मग झोपणार कधी?

मेंदू दुप्पट? 2023 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी 40 निरोगी लोकांना एक कोडं घातलं, पिशवीत ठराविकच वजन मावतं, तर कुठल्या वस्तू भरल्या की जास्तीत जास्त किंमत होईल. कधी मोडाफिनिल देऊन, कधी रिटालिनमधलं औषध (एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या त्रासावर देतात ते), कधी अ‍ॅम्फेटामिन या उत्तेजक औषधाचा एक प्रकार, कधी नुसती खोटी गोळी. औषधावर असताना लोक जास्त वेळ घासत बसले, वस्तू जास्त वेळा आतबाहेर केल्या, आणि पिशवीतल्या मालाची किंमत भरली उलट कमी! जर्मनीत 39 बुद्धिबळपटूंवर प्रयोग झाला, तिथे गोळीवाले चाल खेळायलाच जास्त वेळ घेत होते आणि वेळ संपल्यामुळे जास्त डाव हरले. (ते डाव सोडले तर खेळ जरा सुधारला होता, तेही सांगतो.) आता यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पेपरला 2 तासांत 100 प्रश्न असतात, तुम्हीच बघा.

"पण मला फरक जाणवतो ना!" जाणवणारच. आमच्या रूमवरच्या एकाने घेतलेली, रात्री दोनला मी पाणी प्यायला उठलो तर हा पंचवार्षिक योजनांचा तक्ता चौथ्यांदा काढतोय, पट्टीने रेघा मारून, तीन रंगांत. म्हणे काय फोकस आहे यार. सकाळच्या टेस्टला योजनांची वर्षंच आठवेनात.

साइड इफेक्ट नाही हे तर साफ खोटं. डोकं दुखतं, भूक मरते, धडधड होते, क्वचित अंगावर असं पुरळ उठतं की जिवावर बेतू शकतं. आणि मुलींनो, गर्भनिरोधक गोळ्यांचा असर यामुळे कमी होतो, हे फॉरवर्डमध्ये कोणीच लिहीत नाही. युरोपच्या औषध नियामकाने 2010 मध्येच सांगितलं की ही फक्त नार्कोलेप्सीसाठी, म्हणजे दिवसाढवळ्या अनावर झोप येण्याच्या आजारासाठी ठेवा.

सवय? अ‍ॅम्फेटामिनपेक्षा धोका कमी, पण शून्य नाही, मेंदूतलं डोपामिन, म्हणजे एखाद्या गोष्टीची चटक लागण्यामागचं रसायन, हीपण वाढवते. (एडीएचडीवाल्यांनी आपली औषधं बंद करू नका हां, ते प्रकरण वेगळं.)

राहिलं सहज मिळण्याचं. मेडिकलवाल्याने आधी चिठ्ठी मागायला पाहिजे. न मागता देणारा भेटला तर त्याच्याकडून तापाची गोळीपण घेऊ नका.