तिसऱ्या दिवसाचा पिवळेपणा लसीमुळं नव्हे

खानापूर तालुक्यात आमच्या नात्यात नुकतंच बाळ झालं. तिसऱ्या दिवशी आजीनं त्याला दारातल्या उजेडात धरून नाकाच्या शेंड्यावर हलकं बोट दाबलं. बोट उचललं तशी कातडी पिवळी दिसली. बेळगाव-निपाणीकडं मोबाइलवर फिरणारा मेसेज तिनं आदल्याच दिवशी ऐकला होता: ‘जन्मताच काविळीची लस टोचतात म्हणून बाळं पिवळी पडतात. आईला कावीळ नसेल तर लस नको, मोठेपणी बघता येतं. आणि लस घेऊनही कावीळ होतेच, त्यापेक्षा माळ घाला.’

"टोचून घेतलं तेच चुकलं की गं," म्हणून आजी रडायला लागली. तिच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

लसीमुळं बाळ पिवळं पडतं, हे खोटं आहे. नवजात बाळाच्या रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी भराभर फुटतात, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं आणि कोवळ्या यकृताला ते लगेच बाहेर टाकता येत नाही. म्हणून निम्म्याहून जास्त बाळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळी दिसतात. लस नव्हती तेव्हाही दिसायची. ही लस हेपॅटायटिस बी या विषाणूच्या काविळीवरची. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, यीस्टमध्ये बनवलेलं त्याच्या आवरणाचं प्रथिन तेवढं असतं. शिवाय खुद्द हेपॅटायटिस बीचा विषाणू शिरला, तरी लक्षणं दिसायला किमान महिना जातो. मग तिसऱ्या दिवशीच्या पिवळेपणाचा दोष मांडीतल्या सुईला कसा द्यायचा? मात्र पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळं पडलं, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा ते दूध ओढेना, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

‘मोठेपणी बघता येतं’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. मोठ्या माणसाला हा संसर्ग झाला तर शंभरात पाचांहून कमी जणांत तो कायमचा राहतो. जन्माच्या वेळी झाला तर सुमारे नव्वद जणांत राहतो आणि पुढं काहींना सिरोसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं), यकृताचा कॅन्सर होतो. आईला त्रास काहीच नसतो, डोळेही पिवळे नसतात, तरी रक्तात विषाणू असू शकतो. म्हणून पहिला डोस २४ तासांच्या आत. तैवाननं १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. ६ ते १४ वयाच्या मुलांतला यकृताचा कॅन्सर दर लाखामागं ०.७० वरून ०.३६ वर आला.

लस घेऊनही कावीळ होते, हे मात्र खरं आहे. पावसाळ्यात घाण पाणी नळात मिसळून पसरते ती ए आणि ई जातीची. बीची लस त्यांना अडवत नाही. १९५५-५६ मध्ये दिल्लीत हजारो लोक पिवळे पडले तेही पाण्यामुळंच. त्यासाठी पाणी उकळायचं. बी पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला.

राहिली देठांची ती माळ. ती लांबत गेली की कावीळ उतरली असं म्हणतात. देठ वाळतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. पाण्यातून आलेली कावीळ बहुतेकांची आपसूक उतरते, नाव माळेचं होतं.

बाळंतिणीला घरी आणण्याआधी तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या लसींची नोंद असलेलं सरकारी कार्ड, उघडून बघा. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हेपॅटायटिस बी, तिन्हींपुढं तारीख हवी. शेवटची जागा रिकामी असेल तर तिथंच सिस्टरना विचारा, २४ तास उलटायच्या आत.