प्रोबेट रद्द झालं म्हणून घर विकायची घाई करू नका

फॅमिली ग्रुपवर आज परत तीच बातमी फॉरवर्ड झाली, प्रोबेट (म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याची कोर्टाची मोहोर) रद्द झालं, आणि खाली चुलतभावाचा मेसेज, "आता कसली वाट बघतेस, विकून टाक." त्यावर पाच जणांचे अंगठे. आई जाऊन वर्ष झालं तरी ज्यांना तिच्या घराचा मजला आठवत नाही त्यांचे अंगठे. डोकं फिरलंय म्हणून इथे लिहितेय, ग्रुपवर लिहिलं असतं तर भांडण झालं असतं.

बातमी खरी आहे. 2025 च्या डिसेंबरमध्ये संसदेने 1925 च्या वारसा कायद्यातलं कलम 213 काढून टाकलं. त्याआधी मुंबई, चेन्नई, कोलकात्यातल्या घराचं मृत्युपत्र असेल तर आमच्यासारख्यांना प्रोबेट घ्यावंच लागायचं. आईचं घर मुलुंडला, म्हणजे मुंबईच्या हद्दीत. चेकनाक्याच्या पलीकडे ठाण्यात असतं आणि मृत्युपत्रही तिकडेच केलं असतं, तर ही पायरीच नव्हती. इंग्रजांच्या काळातली ही वाटणी गेली ते बरंच झालं, मान्य. पण सक्ती गेली म्हणजे प्रोबेट गेलं असं नाही हो! ते आजही घेता येतं, आणि आमचं पिटिशन आधीपासून हायकोर्टात आहे. वकीलबाई म्हणाल्या, इतकं झालंय तर पूर्ण करा, उद्या खरेदीदाराची बँक लोन देताना हाच कागद मागेल. सोसायटीनेही शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायला तोच मागितलाय. नॉमिनी मी आहे, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे किती वेळा सांगायचं.

आणि खरं कारण वेगळंच आहे, ते ग्रुपवर कुणी उच्चारत नाही.

आईने लिहून ठेवलंय की घर विकून जे पैसे येतील त्याचा दहावा हिस्सा मावशींना. मावशी म्हणजे ज्या कळव्याहून रोज यायच्या, आईचं सगळं करायच्या, शेवटी शेवटी तर रात्रीही थांबायच्या. उरलेलं दादाला आणि मला निम्मं निम्मं. सही झाली त्या दिवशी समोरचे काका साक्षीदार होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "वहिनी, दहावा हिस्सा? नक्की?" आई म्हणाली, "वाचलंत ना नीट? मग सही करा." बस. तिच्या आवाजात जराही चलबिचल नव्हती.

आता बघा, एक एजंट मागे लागलाय. आमची बिल्डिंग जुनी, रिडेव्हलपमेंटची बोलणी चाललीयेत, करार झाला की त्याच फ्लॅटचा भाव कुठच्या कुठे जाईल हे त्याला आमच्याआधी माहीत. म्हणून आत्ताच्या आत्ता, आहे त्या कागदांवर, बाजारभावापेक्षा बऱ्याच कमीत, आणि त्यातले निम्मे कॅशमध्ये द्यायला तो तयार आहे. निम्मे कॅशमध्ये म्हणजे कागदावरची किंमत निम्मी, म्हणजे मावशींचा दहावा हिस्साही निम्म्याचा. आधीच पडेल भाव, त्यात हे. एका नातेवाइकांनी तर फोनवर स्पष्टच सांगितलं, "तिला काय कळतंय, लाखभर दिले तरी पाया पडेल." ऐकून हात थरथरत होते माझे. ज्या बाईने आईचं अंग पुसलं तिच्याबद्दल बोलताय तुम्ही! तुमच्यातलं कोण आलं होतं हो तेव्हा?

मी एक्झिक्युटर आहे. घर माझ्या ताब्यात आहे ते माझ्या मर्जीने विकायला नाही, तिने लिहिलंय तसं करायला आहे. काकांना ऐंशी उलटून गेली, तरी साक्षीदाराचं अ‍ॅफिडेव्हिट करायला काठी टेकत आले. मी म्हटलं, काका तुम्हाला उगाच त्रास, तर म्हणाले, "वहिनींनी विचारलं होतं ना मला, नीट वाचलंत का म्हणून. वाचलं होतं मी." त्यांना समजतं आणि आमच्या घरच्यांना समजत नाही.

आता दुसरी बाजू. बंद घर खराब होतं, हो. मेंटेनन्स आणि प्रॉपर्टी टॅक्स मी भरतेय, तोही चटका आहेच. भाव पडूही शकतो, मान्य. पण म्हणून मावशींच्या तोंडचं काढून घ्यायचं?

दादाबद्दल मला राग नाही, खरंच नाही. तो न्यू जर्सीत एकटाच सगळं ओढतोय, मुलांची कॉलेजं, शिवाय आई गेली तेव्हा त्याला वेळेत पोचता आलं नाही, त्यामुळे घराचा विषय निघाला की त्याला तो लवकर संपवायचा असतो. मला समजतं ते. मध्ये एकदा फोनवर नुसता गप्प बसून राहिला, मग म्हणाला, "आईच्या किचनचा फोटो पाठव." पाठवला. पण दादा, तुझं संमतीचं अ‍ॅफिडेव्हिट नोटरी आणि अपॉस्टील (तिथल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का) होऊन अजून आलेलं नाही, आणि त्याच्याशिवाय तुझ्या नावे कोर्टाचं सायटेशन, म्हणजे नोटीस, काढावं लागतं, त्यात अजून वेळ जातो. म्हणजे उशीर मी करत नाहीये, हे ग्रुपवर एकदा तू सांगायला हवंस, मी सांगून कुणी ऐकत नाही. आणि ज्या मंडळींना हरकत घ्यायची कुजबुज करायचीय त्यांनीही ऐका, एक कॅव्हेट, म्हणजे कोर्टात लेखी हरकत, लागली आणि तिला धरून अ‍ॅफिडेव्हिट झालं की पिटिशनचा दावा होतो, मग वर्षानुवर्षं कुणालाच काही मिळत नाही. तुम्हाला तर तसंही काही मिळणार नव्हतं.

तर आता असं होणार. आधी प्रोबेटची ग्रँट हातात येईल, मग सोसायटीत नाव चढेल, मग दोनतीन ठिकाणी भाव विचारून पूर्ण रक्कम चेकने घेऊन घर विकलं जाईल. त्याआधी कुणाकडूनही एक रुपया टोकन घेणार नाही. मावशींचा हिस्सा त्यांच्या बँक खात्यात जाईल, कुणाच्या हातून नाही. त्यांचं पासबुक मी मागवून ठेवलंय. दादा, तू या आठवड्यात अ‍ॅफिडेव्हिट कुरियर कर, आणि ट्रॅकिंग नंबर मला पर्सनलवर टाक, ग्रुपवर नको.