काळी दोन सुटत नाही

आमच्या घरात पाऊस दोन ठिकाणी शिरतो, मागच्या पडवीत आणि माझ्या बाजाच्या पेटीत. पडवीत टोप लावून ठेवता येतो. पेटीचं काय करायचं यावर वाडीत जितकी घरं तितकी मतं आहेत, आणि मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलंय म्हणून माझं मत कोणी विचारत नाही.

पेटी आजोबांची. दुहेरी रिडांची, म्हणजे एकेका पट्टीला थरथरणाऱ्या दोन पितळी जिभा, उभी हयात भजनात गेलेली. मे महिन्यात ती गोड वाजते. मिरग लागला की तिचं अंग धरायला लागतं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा, माझ्या अंदाजाने, ‘काळी दोन’ या, म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या काळ्या, पट्टीत मुरतो. लाकूड ओल पिऊन फुगतं ते लांबीला नाही, रुंदीला. त्यामुळे तिघांच्या सीटवर चौथा बसावा तशा सगळ्या पट्ट्या एकमेकींना रेटून बसतात. त्यातली काळी दोन एकदा दाबली की खाली जाते आणि वर यायचं नाव घेत नाही. तिची झडप उघडीच राहते. भाता हलवला रे हलवला की तिथून हवा सुटते, रीड थरथरते आणि सेकंदाला साधारण ३११ कंपनांचा तो एकच सूर सुरू होतो. बाकी तुम्ही काहीही वाजवा, तो आहेच.

एक सूर जास्त झाला तर काय बिघडलं, असं कोणी म्हणेल. मी नेमका मालकंस राग शिकत होते. मालकंसात रिषभ आणि पंचम वर्ज्य. माझा सा काळी चारवर, म्हणजे काळी दोन हा माझा पंचम. भजनी मंडळाचे बुवा काळी एकला सा धरून गातात, म्हणजे त्यांचा तो शुद्ध रिषभ. अख्ख्या सप्तकातले जे दोन सूर मालकंसाने घराबाहेर ठेवलेत, त्यातला एक माझ्या वाट्याला आणि दुसरा बुवांच्या, तोही एकाच पट्टीतून! इतकं नेमकं काम आमच्या घरात दुसरी कुठलीच वस्तू करत नाही.

रियाजाची वेळ ठरते एसटीवर. कॉलेजातून येईपर्यंत साडेसहा होतात, सातला आजीची मालिका, आठला जेवण. साडेसहा ते सात ही अर्ध्या तासाची फट माझी. तेवढ्यात पेटी काढली की आजी माजघरातून विचारते, “गो बाय, ती पेटी रडता की मांजर?” मी एकदा तिला सांगितलं की १९४० साली रेडिओनेसुद्धा पेटीला बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आजीने पान लावता लावता म्हटलं, “शाणी माणसा होती ती.”

बंदीचं कारण शास्त्रीय होतं. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, त्यामुळे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, आंदोलन (सुराला हलका झोका देणं) नाही आणि स्वर आपल्या जागेवर नाहीत. शुद्ध गंधाराची कंपनं षड्जाच्या १.२५ पट हवीत, पेटीत ती १.२६ च्या आसपास येतात. हा फरक ऐकू येणारे कान आमच्या वाडीत एकट्या बुवांना आहेत. बाकीच्यांची तक्रार गंधाराबद्दल नाही, आवाजाबद्दल आहे.

तर उपाय. पहिला उपाय आजीचा: पेटी चुलीच्या वर माळ्यावर ठेव, तिथे सोलं सुकतात तर पेटी का नाही सुकणार? तर्कात खोट नव्हती. गरम हवेत तेवढंच पाणी असलं तरी तिची सापेक्ष आर्द्रता कमी होते, हे मी परीक्षेत लिहिलंय. आठवडाभराने पेटी खाली काढली तेव्हा ती थोडी सुकली होती खरी, पण माळ्यावर सोलांच्या शेजारी सुके बांगडेही होते.

इथे मनीचा प्रवेश होतो. मनी आमची मांजर, आणि महिना जुलै. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे दारात मासेवाली येत नाही आणि मनी घरातल्या प्रत्येक माणसाकडे संशयाने बघते. तिच्यासमोर बांगड्याच्या वासाची पेटी आली. तिने तिला चारी बाजूंनी हुंगलं, भात्याच्या घडीत नाक घातलं, मग पट्ट्यांवरून एक संथ आलाप घेत चालत गेली आणि वर मुटकुळं करून बसली. मी भाता हलवला. खालून काळी दोन सुरू झाली. मनीने एक कान फिरवला, बाकी काही नाही. ज्या प्राण्याला आपल्या तिप्पट उंच आवाज ऐकू येतो, त्याने एवढं बेसूर सहन करावं याचं मला वाईट वाटलं.

दुसरा उपाय माझा. पेटीच्या खोक्यात चाळीस वॅटचा बल्ब लावून ठेवायचा. दुकानदार म्हणाला, “एलईडी घे, लाईट कमी जळते.” त्याला कसं सांगणार की मला उजेड नकोच आहे, जे फुकट जातं तेच हवंय? तारेच्या बल्बात बहुतेक वीज उष्णतेतच जाते, हाच त्याचा दोष आणि हाच माझा उपयोग. शेवटी कोंबडीच्या पिल्लांसाठी ठेवलेला जुना बल्ब मिळाला. खोकं छान उबदार झालं. रात्री लाईट गेली, आली, परत गेली. सकाळी झाकण सरकवलं तर आत मनी. पट्ट्यांवर पसरून, चारी पाय वर.

त्यानंतर गंधारातून झणझण ऐकू यायला लागली. रिडेची पितळी जीभ आणि तिची चौकट यांच्यात जेमतेम फट असते. तिथे मनीचा एक पांढरा केस अडकला होता. चिमट्याने काढला, झणझण गेली. तेवढ्यात बुवा विहिरीवरून ओरडले, “काळी दोनात दोन सूर भांडतत!”

बरोबर होतं. एका पट्टीला दोन रिडा, दोन्ही एका सुरात हव्यात. एकीवर हिरवा गंज धरला होता आणि ती थोडी उतरली होती. दोन सुरांत सेकंदाला चार कंपनांचा फरक पडला की सेकंदाला चार ठोके ऐकू येतात, मी हे कॉलेजात दोन नादकाटे वाजवून मोजते. मोबाईलवर वर्णपट उघडून मी रिडेच्या टोकाशी जमलेलं वजन, मुळाशी असलेला ताठपणा असा हिशेब मांडत होते. बुवा ओल्या पायांनी आले, रीड उपसली, ब्लेडने टोकाकडे दोनदा खरवडली, फुंकर मारली आणि परत बसवली. सूर चढला. टोक हलकं झालं की चढतो, मूळ खरवडलं की उतरतो, हे सूत्र माझ्या वहीत अजून अर्ध्यावर होतं. वहीबद्दल बोलायचं तर, रेझोनन्स ट्यूबच्या आलेखावर मनीच्या चिखलाच्या पावलांचे ठसे आहेत, आणि माझ्या बिंदूंपेक्षा ते सरळ रेषेत पडलेत.

धाकट्याने सुचवलं, “ताई, पेटीत हेलियम भरूया.” आमच्या भागात हेलियम हा घरचा विषय. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात हेलियमची पिवळी रेघ दिसली, आणि लॉकियर नावाच्या साहेबाने ती जिथून पाहिली म्हणतात ते ‘साहेबाचे कट्टे’ विजयदुर्गावर आहेत, त्यामुळे दर अठरा ऑगस्टला शाळेत भाषणं होतात. लॉकियरसाहेबांनी आपली निरीक्षणं त्याच साली ऑक्टोबरात इंग्लंडमधून केली, हे वाडीत बोलायची सोय नाही. धाकट्याला एवढंच सांगितलं की हेलियममध्ये आवाज हवेच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जातो, म्हणून बासरीत भरला तर ती सप्तकाच्या वर जाईल. पेटीची रीड मात्र आपल्या लांबी-जाडीवर थरथरते, तिला कुठला वायू आहे याच्याशी फारसं देणंघेणं नाही. “म्हणजे चिकटलेलीच राहणार?” त्याने विचारलं. हो.

राहिला मेस्त्री. पट्टी कडेने जरा घासली की काम झालं, असा माझा समज. मेस्त्रीने पेटीला बोटसुद्धा लावलं नाही. “पावसात लाकडाक हात लावूचो नाय. आता घासलंय तर शिमग्याक पट्टी खुळखुळतली.” यावर फिजिक्सकडेही उत्तर नव्हतं.

आणि गणपती आले. मंडळाचा पेटीवाला नोकरीसाठी मुंबईला गेलेला, त्यामुळे पेटीवर मी. पहिल्याच घरी बुवांनी पेटीकडे पाहिलं, भाता हलवून ऐकलं, सुपारी गालात सारली आणि म्हणाले, “ही सुटणा नाय तर आपणच काळी दोनवर जावया.” अख्खं मंडळ एक सूर वर सरकलं. झांजवाल्यांना फरक पडला नाही, मृदंगाने थोडी कुरकुर केली, पण चिकटलेला सूर आता षड्ज झाला होता. रूपाचा अभंग, गवळण, गजर, सगळ्याच्या खाली तो भक्कम सा. पंचमही नाही, रिषभही नाही. अडीच महिने ज्या सुराने मला रडवलं, त्याच्यावर माणसं डोळे मिटून डोलत होती. काळ्या वाटाण्याची उसळ हातात घेऊन मुंबईचे एक चाकरमानी काका माझ्याजवळ आले. “तानपुऱ्याचं कुठलं ॲप लावलंस गं?” आजी शेजारीच होती. म्हणाली, “ता पावसाचा ॲप आसा.”

ऑक्टोबरात कडक ऊन पडलं. एके दिवशी रियाजाला बसले तर काळी दोन दाबली आणि टुणकन वर आली. दाबली, वर आली. मनी सुद्धा पेटी सोडून दारात गेली होती, कारण तारवं परत समुद्रात होती आणि टोपलीत ताजे बांगडे येत होते. मी त्या संध्याकाळी पूर्ण मालकंस वाजवला, एकही आगाऊ सूर नाही. रात्री तालमीला बुवा आले. गजर सुरू केला, दोन ओळी गायले आणि थांबले. इकडे तिकडे पाहिलं.

“सूर कित्याक बंद केलंस? आता सा कोण धरतलो?”

आपोआप सुटला, म्हटलं. ऊन आहे, लाकूड सुकलं.

बुवांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, एसटीचं तिकीट काढलं, त्याची बारीक घडी घातली आणि काळी दोन खाली दाबून शेजारच्या फटीत खुपसली.

“हां. आता घे.”