टाइप करणाऱ्याच्या हातून की-बोर्ड हिसकावू नका

शटर अर्धं ओढलंय आणि घरी न जाता इथेच लिहायला बसलोय. डोकं शांत झाल्याशिवाय घरी जाववत नाही.

दुपारी एक आजी आल्या होत्या. अमळनेरपासून पुढच्या खेड्यातून, एसटीने. श्रावणबाळ योजनेच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडायचा होता. कागद पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि सगळ्यात वर माझ्यासाठी भरिताची दोन वांगी. ऑनलाइन अर्ज भरत आणला होता, शेवटचा पत्ता चालू होता. नजर कागदावर. टायपिंग क्लासात आम्हाला तसंच शिकवलंय, स्क्रीनकडे बघत बसलात तर वेग येत नाही. तेवढ्यात कुठल्याशा प्रोग्रामची खिडकी मध्येच टपकली. तिच्यात 'आत्ता रीस्टार्ट करा' हे बटण आधीच निवडलेलं. मी दोन शब्दांमधली स्पेस दिली, ती अर्जात न जाता त्या बटणावर गेली आणि बटण दाबलं गेलं.

मान वर केली तर कॉम्प्युटर बंद होत होता.

"काय व्हयनं, भाऊ?"

काय सांगू त्यांना? की-बोर्ड एक असतो आणि खिडक्या दहा. दाबलेली अक्षरं एका वेळी एकाच खिडकीत जातात, त्यालाच फोकस म्हणतात. तो फोकस मी क्लिक करून आजींच्या अर्जाला दिला होता. मी दिला होता! रात्रीची पाण्याची पाळी आपली असताना शेजाऱ्याने दांड फोडून पाणी स्वतःच्या वावरात वळवलं तर गावात काय होतं, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. कॉम्प्युटरवर मात्र हे रोज होतं आणि कोणी चकार शब्द काढत नाही.

बरं, नियम नाहीत असंही नाही. विंडोजमध्ये 98 आणि 2000 या आवृत्त्यांपासून ठरलेलं आहे की माणूस एका खिडकीत काम करत असेल तर दुसऱ्या प्रोग्रामने खाली टास्कबारवर नुसतं लुकलुकायचं. विंडोजच्या सेटिंग जिथे साठवलेल्या असतात त्या रजिस्ट्रीत आकडासुद्धा आहे, 200000 मिलिसेकंद. शेवटची की दाबल्यापासून 200 सेकंद धीर धरायचा. पण सवलती इतक्या ठेवल्यात, की समोरच्या प्रोग्रामने सुरू केलेल्या प्रोग्रामलाही पुढे यायला मोकळीक. घुसायचंच असेल त्याला वाट सापडते.

मध्ये मध्ये सेव्ह करायला हवं होतं, हे खरं. पण म्हणून दुसऱ्याने माझी स्पेस पळवायची?

'आजींना तर एसटी फुकट आहे, परत येतील,' असं शेजारचा दुकानदार म्हणाला. पंच्याहत्तरीपुढे तिकीट फुकट आहे, दिवस फुकट नाही. सकाळी भाकरी बांधून निघालेली बाई होती ती.

विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांनीही फार मान ताठ करू नये. तिथे खिडक्या दाखवायचं काम करणाऱ्या, एमआयटीत 1984 साली सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टीममध्ये कुठलाही प्रोग्राम उठून फोकस स्वतःकडे घेऊ शकतो, अडवणं सगळं विंडो मॅनेजरच्या, म्हणजे खिडक्यांची मांडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या, भरवशावर. त्याच कामासाठी नंतर आलेल्या वेलँडमध्ये मात्र ही गोष्ट मुळातून धरली. तिथे प्रोग्रामला फोकस परस्पर घेताच येत नाही. माणसाने खरोखर क्लिक केलं किंवा की दाबली, त्यातून मिळालेलं टोकन, म्हणजे परवानगीची चिठ्ठी, दाखवायचं, मग फोकस द्यायचा की नाही ते कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्राम, ठरवणार. पांझरा नदीवरच्या फडांत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सगळ्यांनी मिळून भिजवायच्या शेतांत, असंच आहे. पाणी पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटायला नेमलेला माणूस, सोडतो, ज्याचं त्याने सोडून घ्यायचं नाही. आपल्या जुन्या माणसांना हे कळलं होतं.

बॅटरी संपत आली तर सांगायलाच हवं, मान्य. सांगा की. कोपऱ्यात दाखवा, वाजवा. हातातलं काढून घेऊ नका, एवढंच.

माझा मावसभाऊ अंध आहे, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर काम करतो. फोकस जिथे, तिथलं त्याला ऐकू येतं. माझा फोकस पळाला तर मी मान वर करून बघू तरी शकतो. त्याला आपण कुठे होतो हेच पुन्हा शोधत बसावं लागतं. आज पहिल्यांदा नीट कळलं त्याला काय होत असेल ते. इतकी वर्षं मी विचारलंही नव्हतं.

कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला तोवर आजींच्या गाडीची वेळ झाली होती. मी माफी मागितली. वांगी परत पिशवीत घालायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे भाऊ. सोमवारे येसू."

एक शब्द रागाचा नाही. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तो प्रोग्राम आत्ताच काढून टाकलाय. बाकीच्यांच्या सेटिंग एकेक करून बघतोय, न विचारता पुढे येणारा एकही ठेवायचा नाही. सोमवारी आजी आल्या की पहिला नंबर त्यांचा, रांग कितीही असो. वांगी अजून टेबलावर आहेत.