वारो सोडलात काय?

आमच्या होडीला 8 हॉर्सपॉवरचं, 2-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं सेकंडहँड आउटबोर्ड इंजिन आहे. ते विकणाऱ्याने मला सांगितलं होतं, "आवाज ऐका फक्त." तेवढंच मी केलं. बाकीचं काही त्याने बघू दिलं नाही आणि मला सुचलंही नाही.

निवृत्तीनंतर माणसं ज्ञानेश्वरी काढतात, मी देवबागला येऊन होडी काढली. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. इथे घराच्या पुढच्या दाराने निघालात तर समुद्र लागतो, मागच्या दाराने निघालात तर खाडी. अशा गावात होडी नसणं म्हणजे पुण्यात मत नसण्यासारखं.

इंजिनाचं आणि माझं पहिलं भांडण पहिल्याच आठवड्यात झालं. चाळीस मिनिटं दोरी ओढली. खांदा गेला. शेवटी धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या एका शाळकरी पोराने मान न वळवता सांगितलं, "काका, लाल चावी." लाल दोरीला एक क्लिप असते. ती इंजिनाच्या बटणाखाली अडकवायची आणि दोरीचं दुसरं टोक मनगटाला बांधायचं. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन आपोआप बंद होतं. माझ्या बाबतीत माणूस पाण्यात पडण्याआधीच ती घरी खुंटीवर होती.

त्यानंतर मी सुधारलो. मॅन्युअल पाठ केलं. एक लिटर पेट्रोलला 20 मिली ऑइल, हे प्रमाण मी आता झोपेतही सांगतो (सांगतो, असं बायको म्हणते). इंजिन सुरू झालं की मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार पडते का ते बघायचं. धार आहे म्हणजे आतला पंप पाणी फिरवतोय आणि इंजिन गार राहतंय. धार नाही तर ताबडतोब बंद. लहान बाळाच्या आईने जेवढं लक्ष ठेवावं तेवढंच मी त्या धारेवर ठेवतो, आणि ती दिसली की मलाही तसंच समाधान वाटतं.

तर अशा तयारीच्या माणसाकडे दिवाळीत मेहुणे, त्यांची बायको आणि आत्या आली. सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार झालं. दुपारी उरलेलं सांबार भाताबरोबर झालं. संध्याकाळी संगमावर सूर्यास्त बघायला जायचं ठरलं. पेट्रोल भरायला टाकी रिक्षाने पंपावर नेली होती. येताना रिक्षात वास सुटला म्हणून बायकोने नाकाला पदर लावला आणि मी टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू गच्च आवळला. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

इंजिन दुसऱ्या ओढीला सुरू झालं. धार पडली. मेहुणे म्हणाले, "वा भावजी!" दहा मिनिटं मी सिंधुदुर्गच्या आरमारात होतो. मग इंजिनाने एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि खाडीच्या मधोमध ते गप्प झालं. एवढी शांतता, की आत्याच्या दाताखाली फुटलेला चणाही ऐकू आला.

सुकती लागली होती. म्हणजे खाडीचं सगळं पाणी संगमाकडे निघालेलं आणि त्याच्यासोबत आम्ही. वल्हं एकच होतं, दुसरं घरी जुन्या पपईला टेकू म्हणून उभं होतं. नांगर होता, पण त्याची दोरी बायकोने कपडे वाळत घालायला नेली होती, हे मला तिथे समजलं.

मी मॅन्युअलच्या क्रमाने गेलो. लाल चावी जागेवर. गिअर न्यूट्रलला. धुरासारखा वास नाही. मग प्लग. पाना लावून दोन्ही प्लग काढले. कोरडे, तांबूस, स्वच्छ. "प्लग उत्तम आहेत," मी जाहीर केलं, "दोष आत कुठेतरी खोल आहे." तेवढ्यात पाना हातातून सटकला आणि खाडीत तोही खोल गेला. प्लग हातानेच बसवले, बोटांची सालं निघाली.

मेहुणे पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ते म्हणाले, "एकदा बंद करून चालू करा." आता बंदच होतं. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ शोधला. तो फिरत राहिला, आम्हीही. वहिनींचं मत पेट्रोलवर होतं. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल घालतात, ते पाणी ओढतं आणि इंजिनात गोंधळ करतं, असं त्यांनी वाचलं होतं. त्या चुकीचं बोलत नव्हत्या, फक्त आमचं पेट्रोल त्याच दुपारचं होतं.

आत्याने चणे बाजूला ठेवले. पदर घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या बारा राठीच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," आम्ही.

"ह्या पोराकडना काय चुकला-माकला असात ता पदरात घे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." मेहुण्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

संगमाच्या पांढऱ्या लाटा दिसू लागल्या, तेव्हा मागून शेजारच्या तांडेलांची होडी आली. ते जाळं ओढून परत चालले होते. आमच्या कडेला होडी लावून त्यांनी इंजिनाकडे बघितलं नाही, टाकीकडे बघितलं.

"वारो सोडलात काय?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. मेहुण्यांची नजर बाजूला गेली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सांबार जरा..." एवढंच ते पुटपुटले.

"टाकीचो वारो!" तांडेल म्हणाले. "प्लग बघलात? सुके होते मां? मगे? दोनय प्लग एकदम मरतत काय? प्याटरोलच जाऊक नाय."

त्यांनी नळीवरचा रबरी फुगा दाखवला. पेट्रोल पुढे ढकलायला तो हाताने दाबायचा असतो. तो पार चपटा होऊन बसला होता, उपाशी माणसाच्या गालासारखा. टाकीत हवा आत जायला वाट नाही, मग पेट्रोल बाहेर येतंय कसं? नळीने ओढलं, टाकीने सोडलं नाही. दहा मिनिटं होतं तेवढं ओढलं, मग हात टेकले.

मी झाकणावरचा स्क्रू सैल केला. फुस्स.

आत्या म्हणाली, "अगो बाय!" चपटा फुगा हळूहळू गोल झाला. चार वेळा दाबला, कडक लागला. दोरी ओढली, एकदा नाही, दुसऱ्यांदा सुरू. धार पडली. गाऱ्हाण्याचं श्रेय आत्याने घेतलं आणि तांडेलांनीही ते तिला देऊन टाकलं.

तांडेलांना चहा पाजला. पैशांचं नाव काढलं तर त्यांनी हात झटकला. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर अख्ख्या देवबागाने मला विचारलं, वारो सोडलात काय. मेहुणे त्या दिवशी होडीकडे फिरकलेच नाहीत.

तेव्हापासून मी तो स्क्रू कायम उघडाच ठेवला. पुन्हा ती फजिती नको. होडी माडाखाली, टाकी होडीत, स्क्रू मोकळा. दोन आठवड्यांनी रात्रभर अवकाळी पाऊस पडला आणि सकाळी इंजिनाने दोन उचक्या देऊन मान टाकली. टाकीच्या तळाशी पावसाचं पाणी पेट्रोलखाली वेगळं बसलेलं दिसत होतं. तांडेलांना फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर पलीकडून थोडा वेळ फक्त समुद्राचा आवाज आला.

"वारो सोडलात," ते म्हणाले. "मगे बंद कोण करतलो?"